जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : माझा हिशोब

आज पिकाचं नाही, कॉम्प्युटरचं लिहितो.

घरचा लॅपटॉप २०१५ चा, रॅम ४ जीबी. दहा वर्षांचा खर्च-उत्पन्नाचा हिशोब, माती परीक्षणाचे रिपोर्ट सगळं त्यात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अपडेट बंद म्हणजे नवीन सापडलेली भोकं बुजत नाहीत, आणि बँकेचे व्यवहार याच मशीनवर. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठराविक नवे प्रोसेसर लागतात, ते यात नाहीत. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. पण नवं जू खांद्याला बसत नाही म्हणून चालता बैल बाजारात न्यायचा का?

म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडली. ती जुन्या मशीनला हलकी, मेनू विंडोजसारखा खाली डाव्या कोपऱ्यात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पैसे शून्य.

लिनक्स म्हणजे सोयाबीनच्या सरळ वाणासारखं. घरचं बी राखा, शेजाऱ्याला द्या, कोणी अडवत नाही. ज्याला कळतं तो आतला कोडही वाचून सुधारू शकतो.

सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे गोणपाटात ठेवून उगवण बघतो, तसंच इथं करता येतं. मिंट पेनड्राइव्हवर घेऊन, लॅपटॉपमध्ये न बसवता चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. जमलं तरच बसवा. त्याआधी सगळ्या फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या, कारण बसवताना पूर्ण डिस्क निवडली तर जुनं सगळं पुसलं जातं.

सातबारा, बाजारभाव, बँक ही कामं ब्राउझरमध्ये होतात. एक्सेलच्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मात्र मॅक्रो असलेल्या फाइल अडू शकतात. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइल असतील तर तो फॉन्टही सोबत न्या, नाहीतर अक्षरं वेडीवाकडी दिसतील.

सगळ्यांनी बदला असं मात्र म्हणणार नाही. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. सोसायटीचे सचिव रोज त्यावर बसत असतील तर त्यांनी विंडोजच ठेवावं. डिजिटल सहीचं डोंगल वापरणाऱ्यांनी त्याचं सॉफ्टवेअर लिनक्सला चालतं का, ते आधी विचारावं.

आपलं काम हिशोब, पत्रं आणि इंटरनेट एवढंच असेल तर नव्या लॅपटॉपचे पैसे ठिबकच्या नळ्यांना वापरा. पीक त्यानं येतं.