टिप्याचे केस आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्या

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्या-मुंबईकडच्या, नाशिक-डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरांत वाढलेल्या आमच्या पिढीला ते पांढरंशुभ्र, झुपकेदार शेपटीचं कुत्रं आठवत असणारच. सगळे त्याला पॉमेरियन म्हणायचे. खरं तर त्यातली बरीचशी इंडियन स्पिट्झ होती, ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीच्या जातीची. आमच्या आजोबांच्या काळातला कुत्रा अंगणात, गोठ्याशी राहायचा. घरात येऊन पलंगाखाली झोपणारा हा पहिलाच. त्यामुळे त्याचे केस गळायला लागले की अख्ख्या घराला ते दिसायचं.

आमच्याकडे टिप्या होता. आधी केर काढताना पांढरे पुंजके मिळू लागले, मग शेपटीच्या मुळाशी गुलाबी कातडी उघडी पडली. आजीने गंधक बारीक वाटून खोबरेल तेलात कालवला. शेजारच्या काकूंनी करंजेल तेलाची बाटली आणून दिली. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळी झाल्या. कुणीतरी गॅमेक्झिन ही कीटकनाशक पावडर चोळायला सांगितलं, पण आईने ती घरात येऊ दिली नाही. “तो अंग चाटतो, पोटात जाईल त्याच्या,” एवढंच ती म्हणाली.

मग होमिओपॅथीचा दवाखाना. आज कुणाला नवल वाटेल, पण तेव्हा ते अगदी स्वाभाविक होतं. गावोगावचा जनावरांचा दवाखाना गाई-म्हशी-बैलांचा. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय होतं, पण बाकीच्या गावांना तशी सोय कुठली? उलट होमिओपॅथी घरातच होती. कुणा काकांकडे बाराक्षारांची पेटी असायची. काली सल्फ, नेट्रम म्यूर, सिलिशिया ही नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. आमचा खोकला, आमच्या परीक्षेच्या धास्तीतली पोटदुखी, सगळं तिथेच जायचं. इंजेक्शन नाही, कडू काढा नाही, खर्च परवडणारा. घरातल्या मुलांना जे औषध, तेच घरातल्या कुत्र्याला. या विचारात माया होती.

डॉक्टर टिप्याला टेबलावर घ्यायचे नाहीत. तो आईच्या पायाशी बसायचा आणि प्रश्न आईला. पाणी घटाघटा पितो की घोट घोट? गार फरशीवर पसरतो की ऊन शोधतो? रात्री उबेत शिरला की खाज वाढते का? घरी कुणी नसलं की काय करतो? उबेत वाढणारी खाज आणि अंघोळीचा तिटकारा म्हणजे सल्फर. अस्वस्थपणा, थंडी आणि घोट घोट पाणी म्हणजे आर्सेनिक, असा तो हिशोब. मग पांढऱ्या कागदाच्या पुड्या, चार गोळ्या दुधाच्या चमच्यात विरघळवून द्यायच्या, आणि पथ्य: कांदा-लसूण बंद.

या पथ्याने टिप्याचं खरंच भलं झालं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, हे पशुवैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. आमच्याकडे उरलेली लसणाच्या फोडणीची आमटी त्याच्या ताटलीत जायची, ती थांबली. मग त्याला द्यायचं काय, म्हणून अंडं आलं. घर शाकाहारी, त्यामुळे गॅलरीत वातीच्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात ते उकडायचं. आई पदर सावरून ते सोलायची आणि कुस्करून भातात मिसळायची. केस बनतो केराटिन नावाच्या प्रथिनाचा. नुसत्या पोळी-दुधावर आणि वरणभातावर ठेवलेल्या कुत्र्याला प्रथिनं पुरत नाहीत. शिवाय आई रोज उलट्या हाताने केस फिरवून पिसवा शोधायची, अंथरूण उन्हात टाकायची. काय खाल्लं, कुठे खाजवलं, हे डॉक्टरांना सांगण्यासाठी वहीत लिहून ठेवायची. दिवाळीच्या सुमाराला टिप्या पुन्हा झुपकेदार झाला आणि श्रेय गोळ्यांना गेलं.

ते श्रेय मला आज त्या वहीला आणि त्या अंड्याला द्यावंसं वाटतं. सल्फर ३० म्हणजे शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं औषध. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपते. आजीच्या वाटीतला गंधक मात्र खराखुरा गंधक होता, आणि चुना-गंधकाचं द्रावण खरजेवर नि गजकर्णावर पशुवैद्य अजूनही वापरतात.

आज आमच्याच वयाचे मित्रमैत्रिणी फोनवर विचारतात, “छोट्या कुत्र्याचे केस जातायत, होमिओपॅथीचं कुणी चांगलं आहे का?” त्या प्रश्नामागची माया मी ओळखते. तरी आधी पशुवैद्याकडे जा, असंच सांगते. कानाच्या कडा आणि कोपरं खाजवून लाल झाली तर खरूज असू शकते आणि ती माणसांनाही त्रास देते. पिल्लाच्या डोळ्यांभोवती न खाजणारे चट्टे डेमोडेक्स किड्याचे असू शकतात. गोल चकत्या गजकर्णाच्या. घरात लहान मुलं असतील तर तपासणीची घाई करावी. दोन्ही कुशींवर सारखंच विरळ झालं, शेपटी उघडी पडली, कुत्रं सुस्तावलं, तर थायरॉइडची रक्ततपासणी हवी. कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की डेमोडेक्सचा संशय बहुधा तिथेच मिटतो. खरजेचं आणि डेमोडेक्सचं औषध आज साध्या गोळीत मिळतं. गोड गोळ्यांत महिने गेले तर तेवढे महिने ते मुकं जनावर खाजवत राहतं.

आमच्या आयांनी मात्र एक गोष्ट करून ठेवली. कुत्र्याच्या अंगावरच्या रुपयाएवढ्या टकलासाठी हातातलं काम टाकून दवाखान्यात बसायचं असतं, त्याची तहान-झोप लक्षात ठेवायची असते, हे त्यांनी आम्हाला दाखवलं. कुठलाही पशुवैद्य आजही आधी तेच विचारतो: खातो काय, खाजवतो कुठे, कधीपासून? ज्या घरात ती वही आहे, तिथल्या कुत्र्याचं निदान लवकर होतं. म्हणून आईची ती सवय ठेवावी, आणि वही घेऊन पशुवैद्याचं दार गाठावं.