पात्याचे पाणी

‘पाणीदार’ हे विशेषण आपण समीक्षेत सर्रास वापरतो. मोत्याला असते तसे पाणी पात्यालाही असते, याचे भान मला वडिलांच्या पश्चात आले. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून कानशीने घासलेले सुरीचे एक पाते ते मागे ठेवून गेले होते. आकार पुरा झालेला, पण पाणी द्यायचे राहिलेले.

ते घेऊन मी पुण्याच्या मंगळवार पेठेतील एका वृद्ध लोहाराकडे गेलो. त्यांनी पाते भट्टीत लाल केले, लोहचुंबक लावून पाहिले. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला दाद देईनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवून त्यांनी ते तेलात विझवले. माझ्या लेखी काम संपले होते. “आता हे काचंवानी फुटंल,” ते म्हणाले. मग पाते घासून उजळले आणि मंद आचेवर धरले. दोनशे अंशांच्या आसपास त्यावर फिकट पिवळी झाक आली, तेव्हा ते थांबले. मिळवलेला कठीणपणा थोडा सोडल्यावाचून पाते टिकत नाही.

राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांची नक्षी आपण न्याहाळतो. त्यांचे पाणी काचेआडून दिसत नाही. ते वापरातच कळते.

मुठीजवळचे कानशीचे ओरखडे मात्र लोहारांनी तसेच ठेवले. “हा हात दुसऱ्याचा हाय,” एवढेच म्हणाले. दुसऱ्याचे अपुरे हस्तलिखित हाती घेणाऱ्या संपादकाकडूनही माझी एवढीच अपेक्षा असते.