दोन रात्रींची जमीन

सकाळी उठताना जमिनीला पाय टेकवण्याआधी तिची क्षमा मागायची, हे आजीनं शिकवलं होतं. मुंबईत चौथ्या मजल्यावर राहायला लागल्यावर ती सवय कधी सुटली ते कळलंही नाही. पायाखाली टाइल, टाइलखाली दुसऱ्याचं छत. क्षमा मागायची कुणाची? ती सवय परत आली नॉर्वेत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तंबूच्या तळाचं कापड ते केवढं, त्याखाली गवत, गवताखाली ओली माती आणि मातीखाली खडक. रात्रभर कूस बदलताना तो खडक बरगड्यांना जाणवत राहायचा आणि सकाळी हात आपसूक खाली टेकायचा.

नवरा म्हणाला, "काय शोधतेयस? चष्मा?"

"काही नाही रे," म्हटलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही स्टाइनशेरहून सायकली काढल्या. जायचं होतं बोडोला. ट्रकांची सगळी धावपळ आतल्या ई-६ महामार्गावरून चालते. आमचा १७ क्रमांकाचा रस्ता समुद्राची कड धरून सुमारे साडेसहाशे किलोमीटर रेंगाळत जातो आणि वाटेत सहा वेळा चक्क पाण्यात संपतो. संपला की फेरीबोटीची वाट बघायची. बेटं, खाड्या, फ्योर्ड सगळं धरलं तर नॉर्वेचा किनारा लाखभर किलोमीटर भरतो. आमच्या वाट्याला आली ती त्यातली एक बारीकशी किनार. सायकलीच्या दोन्ही बाजूंना झोळ्या, मागे तंबूची गुंडाळी, पुढच्या पिशवीत मूगडाळ, तांदूळ, मेतकूट. पहिल्या चढालाच कळलं, की मेतकुटाचं वजन होत नसलं तरी हौसेचं होतं.

पावसाची आपल्याला काय धास्ती, कोकणातली माणसं आपण, अशा थाटात निघालो होतो. पण आपला मृगाचा पाऊस वाजतगाजत येतो, मनसोक्त कोसळतो आणि मातीचा वास ठेवून जातो. इथला पाऊस आवाज न करता दिवसभर अंगावर बसून राहतो. नऊ अंश तापमान आणि समोरून वारा. तिसऱ्या दिवशी बोटं इतकी आखडली, की ब्रेक दाबला आहे की नाही हे बघून ठरवावं लागत होतं. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या किनाऱ्याला स्वर्ग म्हणतात. स्वर्गात मोजे वाळत नसतील तर मला तो नको, हे मी त्याच दिवशी ठरवलं. चौथ्या दिवशी ढग फाटले, सगळ्या समुद्राला एकदम चकाकी आली आणि मी ठरवलेलं विसरून गेले.

या देशातली एक गोष्ट मला तिथल्या डोंगरांइतकीच मोठी वाटते. 'आलमान्सरेट्टन' म्हणजे सर्वांचा हक्क. जमीन कुणाच्याही मालकीची असो, लागवडीखाली नसेल तर तिच्यावरून कुणीही चालावं, रानातली निळी बोरं खावीत, तंबू ठोकावा. रीत फार जुनी. १९५७ साली तिचा कायदा झाला. अटी साध्या आहेत. राहत्या घरापासून किमान दीडशे मीटर लांब राहायचं आणि वस्तीच्या आसपास एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम करायचा नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात किंवा रानाजवळ उघड्यावर जाळ करायचा नाही, म्हणून खिचडी शिजायची ती छोट्या गॅसच्या शेगडीवर, उघड्या कातळावर, वाऱ्याकडे पाठ करून. आपल्याकडे पाहुण्याला तिसऱ्या दिवशी कुणी जा म्हणत नाही, पण घरातल्या भांड्यांचे आवाज बदलतात. इथे ते कायद्यातच लिहून ठेवलंय, एवढाच फरक.

ब्रोनॉयसुंडजवळ टोर्गहाटेन नावाचा डोंगर आहे. त्याच्या मधोमध आरपार भोक. लांबून सुईच्या नेढ्याएवढं दिसतं, आत शिरलं की देवळाचा सभामंडप वाटावा: १६० मीटर लांब, ३५ मीटर उंच. बर्फ आणि लाटांनी ते कोरलं असं भूगर्भशास्त्र सांगतं. गावं वेगळी गोष्ट सांगतात. एक घोडेस्वार राक्षस एका मुलीच्या मागे लागला. ती हाती लागत नाही म्हटल्यावर त्यानं बाण सोडला. डोंगरांच्या राजानं मध्ये आपली टोपी फेकली, बाण टोपीतून आरपार गेला, तेवढ्यात सूर्य उगवला आणि राक्षस, मुलगी, टोपी, सगळ्यांचे दगड झाले. पुढे आल्सटेन बेटावर सात सुळके एका रांगेत उभे आहेत, त्या तिच्याबरोबर पळालेल्या सात बहिणी. आमच्याकडेही सात आसरा पाण्याकाठी असतात. त्यांना शेंदूर असतो, यांना जूनमध्येही न वितळलेले बर्फाचे पट्टे. नवऱ्याला शंका आली, सूर्य उगवला की दगड होतात, तर आणखी थोडं उत्तरेला जाऊन उन्हाळ्यात राक्षस काय करत असतील? तिथे तर तो मावळतच नाही. मी म्हटलं, "मे महिन्याची सुट्टी."

त्या बहिणींच्या पायथ्याशी आल्स्टाहौगचं जुनं दगडी चर्च आहे. कवी पेटर दास इथला पाद्री होता. १७०७ साली तो वारला. त्यानंतर शंभरेक वर्षं या किनाऱ्यावरचे मच्छिमार होडीच्या शिडाला काळ्या कापडाचा तुकडा लावत, असं सांगतात. ज्यांनी त्याला पाहिलंही नव्हतं, अशांच्या नातवंडांनीही. कवीसाठी समुद्रानं सुतक पाळल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्याआधी वेगा बेटावर गेलो होतो, ते सांगायचं राहिलं. किंबहुना सांगायचं ते हेच. वेगाच्या भोवती हजारो बेटं आणि खडक पसरलेले. शतकानुशतकं तिथली माणसं मासे धरत आणि ईडर बदकांसाठी घरं बांधत. खरोखरची घरं. फळ्यांची, दगडांची, कधी जुन्या उलट्या होडीखाली. आत वाळवलेल्या समुद्रशेवाळाचं अंथरूण. पुरुष मासेमारीवर गेलेले असत, म्हणून हे काम बहुतेक बायकांचं. वसंतात रानटी बदकं समुद्रातून चालत यायची, घरं पाहायची, पसंत करायची. मग बेटावर आवाज बंद: कुत्रं मोकळं सोडायचं नाही, लाकूड फोडायचं नाही, मोठ्यानं हाक मारायची नाही. माद्या अंडी उबवताना छातीची मऊ पिसं घरट्यात घालतात. पिल्लं बाहेर पडून पाण्याकडे निघून गेली की मगच ती पिसं गोळा करायची, निवडायची, साफ करायची. एका दुलईला साठ-सत्तर घरट्यांतली पिसं लागतात. या जगण्याच्या रीतीसाठी युनेस्कोनं २००४ साली वेगाला जागतिक वारसा मानलं.

तिथल्या लहानशा संग्रहालयात एका पेटीत पिसांचा गोळा ठेवला होता. मी त्यावर हात धरला. वजन काहीच नाही, नुसती ऊब. जणू मुठीत कुणाचा तरी श्वास. बाहेर आलो तेव्हा खाडीत एक मादी आठ पिल्लं घेऊन पोहत होती, आणि मला माझ्या आईची गोधडी आठवली, आजीच्या लुगड्यांचे तुकडे घातलेली. अंगावर घेतली की कुणीतरी आपल्यासाठी स्वतःचं काही उतरवून ठेवलंय, असं त्या गोधडीतही वाटायचं.

नेस्ना सोडल्यावर एका संध्याकाळी सुरेख जागा सापडली. सपाट वाळू, मागे बर्चची झाडी, जवळ गोडं पाणी, जवळपास घर नाही. तंबूची पहिली खुंटी ठोकली आणि डोक्यावर टोचा बसला. वर पाहिलं तर एक पांढराशुभ्र पक्षी, काळी टोपी, लालबुंद चोच, दोनटोकी शेपूट. आर्क्टिक सुरय. दुसरी आली, मग चार-पाच. किंचाळत सरळ डोक्यावर झेपावायच्या. शंभरेक ग्रॅमचा जीव, पण आम्ही दोघं हेल्मेट घालून उभे. मग दिसलं: दहा पावलांवर, गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच ठिपक्यांची दोन अंडी. उघड्यावर, काडीचंही घरटं नाही.

ही सुरय इथला उन्हाळा संपला की दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रावर जाते, तिथला उन्हाळा काढते आणि परत येते. जाऊन-येऊन वर्षाला सत्तर हजार किलोमीटरांच्या घरात प्रवास. तिच्याइतका सूर्यप्रकाश दुसरा कुठलाच प्राणी पाहत नसेल. आणि आम्ही आमच्या चारशे किलोमीटरांचा अभिमान घेऊन तिच्या अंगणात खुंट्या ठोकत होतो. कायद्यानं दीडशे मीटर सांगितले ते माणसाच्या घरापासून. हिच्या घराचं कुणी मोजून दिलं नव्हतं.

"उचल," नवरा म्हणाला. भूक लागलेली, पाय गेलेले. पण काही न बोलता आम्ही सगळं गुंडाळलं आणि तीन किलोमीटर पुढे एका तिरक्या कातळावर रात्र काढली. मी रात्रभर घसरून त्याच्या अंगावर जात होते.

किल्बोगहाम्नहून येक्टविकला जाणारी फेरीबोट तासाभराच्या प्रवासात आर्क्टिक वृत्त ओलांडते. किनाऱ्यावर खूण म्हणून पृथ्वीच्या गोलाचा धातूचा सांगाडा उभा आहे. भोंगा वाजला, सगळ्यांनी फोटो काढले. आम्ही ब्राउन चीजचे तुकडे खाल्ले. चीज करताना उरलेलं दुधाचं पाणी आटवून केलेलं ते तपकिरी चीज जिभेवर थेट कंदी पेढ्याकडे जातं. याच अक्षांशावर ग्रीनलंड बर्फाखाली आहे. इथे उबदार सागरी प्रवाहामुळे बंदरं हिवाळ्यातही गोठत नाहीत. पुढे स्वार्टिसेन हिमनदीची जीभ दिसली, तळ्यापासून मागे मागे सरकलेली. तिच्याबद्दल लिहायला हात वळत नाही.

त्या रात्री ढग नव्हते. बाराला पाच कमी असताना तंबूतून बाहेर आलो. सूर्य उत्तरेला होता, आणि हे वाक्य लिहितानाही मला जरा चुकल्यासारखं वाटतं. समुद्रापासून दोन बोटं वर. तो खाली येत होता, अगदी हळू, आरतीचं तबक ओवाळताना हात खाली येतो तसा. आमच्या सावल्या दक्षिणेकडे पसरल्या होत्या, लांबलचक, घराच्या दिशेनं. पाणी मधाच्या रंगाचं. एक ऑयस्टरकॅचर आपली केशरी चोच खडकावर आपटत होता, जणू दुपारचे बारा आहेत. आम्ही मावळतीची वाट बघणारी माणसं; दिवेलागण, तुळशीपुढचं निरांजन, सगळं मावळतीवर बांधलेलं. इथे दिवा लावायचा तर कुणासाठी? तो खाली येता येता थांबला. मग आला तसाच हळू वर निघाला. नवऱ्यानं माझा हात धरला होता. तीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढा वेळ गप्प कधी बसलो असू, आठवत नाही. मी हात जोडले ते मावळत्याला की उगवत्याला, ते मला सांगता येणार नाही.

बोडोच्या अलीकडे साल्टस्ट्राउमेनची सामुद्रधुनी लागते. जेमतेम दीडशे मीटर रुंद. भरती-ओहोटीला दर सहा तासांनी त्यातून सुमारे चाळीस कोटी घनमीटर पाणी जातं. पुलावर सायकली टेकवून आम्ही भोवरे पाहत उभे राहिलो. हिरवं पाणी उकळल्यासारखं वर यायचं, फिरायचं, नाहीसं व्हायचं. मग सहा तासांनी तेच उलट दिशेला.

शेवटच्या सकाळी तंबू उचलला तेव्हा खाली गवताचा पिवळट चौकोन राहिला होता, दोन माणसांच्या मापाचा. मी त्यावर हात टेकवला. या वेळी नवऱ्यानं काही विचारलं नाही. तोही खाली वाकला होता, राहिलेली खुंटी शोधायला, असं तो म्हणतो.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर त्या किनाऱ्यावर हवी तिथे झोपा. फक्त पहिली खुंटी ठोकण्याआधी वर बघा, आणि डोक्यावर पांढरा पक्षी ओरडत असेल तर तीन किलोमीटर पुढे जा.