उलटा जोर

जेट विमानाचीं चाकें भूमीस टेकतांच जी प्रचंड गर्जना उठते, तिनें आमच्या घरांतील वडील मंडळी दचकतात. आणि पंखे उलटे फिरूं लागले, असें तरुण मंडळी त्यांस समजावितात. वस्तुस्थिति तशी नाहीं. पंखा पूर्वीच्याच दिशेनें फिरत असतो. मात्र इंजिनाच्या आवरणाचा मागील भाग सरकतो, आंतील झडपा हवेची वाट अडवितात, आणि ती हवा बाजूच्या जाळींतून पुढच्या दिशेस फेंकली जाते. इंजिनाचा बहुतेक जोर याच थंड हवेचा असल्यामुळें, गर्भांतील तप्त झोत मागेंच जात राहिला तरी विमान मंदावतें. कोरड्या धांवपट्टीवर मुख्य भार ब्रेकांवरच असतो. ती पावसानें निसरडी झाली म्हणजे या उलट्या जोराचें मोल कळतें.

परंतु हाच तारक जोर अवेळीं मारक होतो. २६ मे १९९१ रोजीं बँकॉकहून व्हिएन्नास निघालेलें लाउडा एअरचें बोइंग ७६७ विमान आकाशांत चढत असतांनाच त्याचें डावें इंजिन उलटा जोर देऊं लागलें. २२३ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर अशा विमानांस आणखी एक कुलूप बसविण्यांत आलें. सामर्थ्याइतकीच त्याच्या कुलपाचीहि काळजी वाहावी लागते, हें आम्हांस त्या दुर्घटनेवरून विशेष जाणवतें.