क्रमशः

१.
मासिकातल्या कथेखाली कंसात 'क्रमशः' दिसलं की लहानपणी जीव चरफडायचा. पैसे गेले असं मात्र कधी वाटलं नाही. अंकात बाकी बरंच वाचायला असायचं, आणि पुढचा अंक पुढच्या महिन्यात येणार हे ठाऊक असायचं.

२.
जानेवारी १९९७, जपान. 'फायनल फँटसी ७'. एका डबीत तीन सीडी. पहिली सीडी नायिका एरिथच्या मृत्यूपाशी संपते आणि दुसरी घाला असं पडद्यावर येतं. मी हा गेम बऱ्याच वर्षांनी खेळले, मामेभावाच्या जुन्या प्लेस्टेशनवर. झाकण उघडायचं, सीडी बदलायची, झाकण लावायचं. त्या अर्ध्या मिनिटात मी डोळे पुसले आणि पुढे खेळायला बसले.

३.
जून २०१५, लॉस एंजेलिस. तोच गेम नव्याने करणार अशी घोषणा. डिसेंबरमध्ये खुलासा: एक गेम नव्हे, अनेक.
एप्रिल २०२०: 'रीमेक', ६० डॉलर. गोष्ट मिडगार शहराबाहेर पडेपर्यंत. जुन्या गेममध्ये एवढा टप्पा पाच-सहा तासांत उरकतो, नव्यात तीस-चाळीस तास लागतात. नावात 'भाग पहिला' कुठेही नाही. तीन दिवसांत ३५ लाख प्रती.
फेब्रुवारी २०२४: 'रीबर्थ', ७० डॉलर. गोष्ट एरिथपर्यंत.
म्हणजे १९९७ची पहिली सीडी. तिसरा भाग यायचा आहे.

४.
पहिला भाग आला पीएस४वर. दुसरा आला तेव्हा फक्त पीएस५वर. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला, किंमत ४९,९९० रुपये. पहिला भाग घेताना दुसऱ्याचा हिशोब ज्यांनी केला असेल, त्यांच्यापैकी कितीजणांनी त्यात नव्या कन्सोलचे पन्नास हजार धरले होते?

'रीबर्थ'च्या विक्रीने अपेक्षा गाठली नाही, असं पुढे कंपनीनेच सांगितलं.

५.
तरीही 'रीमेक'चे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. जुन्या गेममध्ये जेसी, बिग्ज आणि वेज ही तीन माणसं चार प्रसंगांत येतात आणि मरतात. नव्यात आपण जेसीच्या घरी जातो. आई जेवू घालते. आतल्या खोलीत वडील निपचित पडलेले असतात. पुढे सेक्टर ७वर वरची प्लेट कोसळते, तेव्हा तिथे कोण राहतं ते आपल्याला माहीत असतं. एकाच गेममध्ये सगळं बसवायचं तर खूप काही गाळावं लागलं असतं, असं निर्मात्यांचं म्हणणं. जेसीच्या घराबाबत ते मला शंभर टक्के पटतं.

यांत्रिक हात हळूहळू फिरवत कंटेनर हलवायच्या त्या लांबलचक रस्त्याबाबत पटत नाही. तो गाळला असता तरी चाललं असतं.

६.
'हाफ-लाइफ २'चे एपिसोड. पहिला जून २००६, दुसरा ऑक्टोबर २००७. दुसऱ्याच्या शेवटी मुलगी बापाच्या प्रेतावर कोसळून रडते आहे. तिसरा आलाच नाही.

७.
मार्च २०१६. कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्हने 'हिटमॅन' सुटा करून विकायला काढला. आधी पॅरिस, मग इटलीतलं सापिएन्झा, माराकेश, बँकॉक, कोलोराडो, आणि ऑक्टोबर संपता संपता होक्काइदो. सुरुवातीचा तुकडा १५ डॉलरला, सगळा गेम आगाऊ घेतला तर ६०. बऱ्याच खेळणाऱ्यांना हे आवडलं नाही. मीही नाक मुरडलं आणि फक्त पॅरिस घेतलं.

पॅरिस म्हणजे एक जुना राजवाडा. खाली फॅशन शो, वरच्या मजल्यावर गुपितांचा लिलाव, मारायची माणसं दोन. पहिल्यांदा तासाभरात संपलं. पुढचा तुकडा यायला दीड महिना होता, म्हणून परत खेळले. आणि परत. स्वयंपाकघरातून तळघरात जिना कुठे उतरतो, कुठला रखवालदार कधी पाठ फिरवतो, त्या दोघांतला नोविकोव्ह कोणत्या पेल्यातून पितो, हे सगळं पाठ झालं. कपडे बदलून मॉडेल होऊन रॅम्पवर चालता येतं हे मला पाचव्या खेपेला कळलं. सगळं एकदम हातात असतं तर पहिल्या खेपेनंतर मी सापिएन्झाला निघून गेले असते आणि तो राजवाडा मला कधी कळलाच नसता.

८.
२०१८मध्ये 'हिटमॅन २' आला. या वेळी तुकडे नाहीत, सगळं एकदम. त्यात मुंबई आहे. झोपडपट्टी, कपडे धुण्याचे हौद, रेल्वे यार्ड, अर्धवट बांधलेला सिनेमावाल्याचा टॉवर. मारायच्या तिघांपैकी एकाचं आडनाव मी तरी काळे असंच वाचलं. वझीर काळे.

मुंबई मी दोनदा खेळले आणि पुढे गेले. पुढची गावं यादीत दिसत होती.

आजही डोळे मिटून मी पॅरिसच्या राजवाड्यात वाट काढू शकते. मुंबईत चुकते.

९.
'सिन एपिसोड्स', २००६. नऊ भाग ठरले होते. एक आला.

१०.
'झेनोसागा'. सहा ठरले होते, तीन आले. 'सॉनिक ४'. एपिसोड एक, एपिसोड दोन, पुढे काही नाही.

११.
एका छोट्या गेमचे पाचही भाग मी आगाऊ पैसे भरून घेतले होते. नाव लिहीत नाही. दोन आले. तिसऱ्याची तारीख तीनदा बदलली, मग पत्रांना उत्तरं यायची थांबली. रक्कम मोठी नव्हती. पण त्यातली म्हातारी नदी ओलांडायला होडीत बसली होती, आणि ती अजून होडीतच आहे. याचा मला खरोखर त्रास होतो.

१२.
टेलटेलचा 'द वॉकिंग डेड', २०१२. पाच भाग मिळून २५ डॉलर. प्रत्येक भागाच्या शेवटी तुमच्यासारखाच निर्णय किती टक्के लोकांनी घेतला हे दिसायचं. पुढचा भाग येईपर्यंत त्यावर वाद घालता यायचे, आणि लोक घालायचे. आमच्या ऑफिसात डबा खाताना दोघांचं याच्यावरून वाजलं होतं.

शेवटच्या सीझनचे चार भाग ठरले. पहिला ऑगस्ट २०१८. २१ सप्टेंबरला कंपनीने दोनशेहून जास्त माणसांना एका दिवसात काढलं, तेही नुकसानभरपाईशिवाय. चार दिवसांनी दुसरा भाग ठरल्याप्रमाणे विक्रीला आला. उरलेले दोन स्कायबाउंड या दुसऱ्या कंपनीने पुढच्या वर्षी पूर्ण करून दिले.

खेळणाऱ्यांना नायिका क्लेमेंटाइनच्या गोष्टीचा शेवट मिळाला. काढलेल्या माणसांविषयी मात्र फारच थोडं बोललं गेलं. पाच भागांचा गेम म्हणजे पाच डेडलाइन, आणि त्या सांभाळणारे तेच ते लोक. हप्त्यांचा हिशोब करताना हेही धरलं पाहिजे.

१३.
डिकन्सची शेवटची कादंबरी, 'एडविन ड्रूड'. बारा मासिक भाग ठरले होते, एकेक शिलिंगाचे. पहिला एप्रिल १८७०मध्ये निघाला, डिकन्स ९ जूनला गेला. छापले गेले सहाच भाग. वाचकाचे सहा शिलिंग गेले, उरलेले सहा खिशात राहिले.

१४.
हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः छापली. वाचकाने त्या आठवड्याच्या अंकाचे पैसे मोजले, कादंबरीचे नव्हे.

१५.
'डॉट हॅक', बंदाई, जपान, २००२. एकच गोष्ट, चार गेम, चारही पूर्ण किमतीचे, साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. प्रत्येक डबीत एक वेगळी अ‍ॅनिमे डीव्हीडी. एका गेममधला आपला माणूस, त्याची हत्यारं, त्याची लेव्हल पुढच्या गेममध्ये जशीच्या तशी नेता यायची.

'रीमेक'मधून 'रीबर्थ'मध्ये काहीच जात नाही. जुनी सेव्ह फाइल असेल तर लेव्हायथन बोलावता येतो, एवढंच. चाळीस तास घडवलेला नायक क्लाउड पुन्हा नव्याने घडवायला घ्यायचा.

१६.
ब्लिझर्डने ऑक्टोबर २००८मध्ये सांगितलं, 'स्टारक्राफ्ट २' तीन भागांत येणार. आरडाओरडा झाला. पहिला भाग २०१०, माणसांची गोष्ट. दुसरा २०१३, झर्गची. तिसरा २०१५, प्रोटॉसची. पण पहिल्याच डबीत इतरांशी खेळायला तिन्ही जमाती होत्या. ज्याला फक्त मित्रांशी लढायचं होतं त्याच्यासाठी पहिल्या दिवशी गेम पुरा होता. आरडाओरडा पहिला भाग हातात आल्यावर बराच ओसरला.

१७.
मला डबीवर काय छापलेलं हवं ते लिहून ठेवते. हा कितवा भाग, एकूण किती ठरलेत. गोष्ट कुठे थांबते. पुढचा भाग याच यंत्रावर चालेल का. सेव्ह फाइल पुढे जाईल का.
पाकिटावर मीठ किती ते छापतात. हेही छापता येईल.

१८.
पूर्ण किंमत एकदाच घेणार असाल तर दहा वर्षं तुकडे देत बसा, माझी तक्रार नाही. दर तुकड्याला पूर्ण किंमत घेणार असाल तर तो तुकडा स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे. उद्या कंपनी बंद पडली तरी हातात काहीतरी पुरं उरलं पाहिजे. पॅरिस उरतं. होडीतली म्हातारी उरत नाही.

१९.
'बॉल्डर्स गेट ३'. बेल्जियमच्या लॅरियनने ऑक्टोबर २०२०मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला काढला, पूर्ण किमतीला, साठ डॉलरला. आत तीनपैकी फक्त पहिला अंक. ज्यांनी तेव्हा घेतला त्यांना ऑगस्ट २०२३मध्ये उरलेलं सगळं आणखी एक पैसा न देता मिळालं. जुन्या सेव्ह फाइल चालल्या नाहीत. पण मधली तीन वर्षं त्या अपुऱ्या अंकाबद्दल लोक जे बोलले, त्यातलं बरंच पुऱ्या गेममध्ये उतरलं.

इथेही तुकड्याला पूर्ण किंमतच मोजली होती. फरक एवढाच की ती दुसऱ्यांदा मागितली नाही.

२०.
'लाइफ इज स्ट्रेंज: डबल एक्स्पोझर', ऑक्टोबर २०२४. पाच प्रकरणांचा गेम, २९ तारखेला. ऐंशी डॉलरची महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना पहिली दोन प्रकरणं १५ तारखेलाच.

रहस्यकथेची पहिली दोन प्रकरणं पंधरा दिवस आधी विकली, तर बाकीच्यांना त्या पंधरा दिवसांत कान झाकून फिरावं लागतं. ही मालिका २०१५मध्ये पाच भागांत आली होती, तेव्हा थांबायचे ते सगळे एकत्र थांबायचे.

२१.
'शेनमू', १९९९. बापाच्या खुन्याच्या शोधात निघालेला मुलगा. दुसरा भाग २००१. मग शांतता. २०१५मध्ये तिसऱ्यासाठी वर्गणी मागितली, तेव्हा सुमारे ६९ हजार लोकांनी ६३ लाख डॉलर दिले. तिसरा २०१९मध्ये आला. त्यातही गोष्ट संपत नाही.

त्या ६९ हजारांना कुणी फसवलं असं मला वाटत नाही. ते कशासाठी पैसे देत होते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

२२.
'डेल्टारून', टोबी फॉक्स. पहिला अध्याय ऑक्टोबर २०१८, फुकट. भाचा तेव्हा चौथीत होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळला.
दुसरा अध्याय सप्टेंबर २०२१, फुकट. भाचा सातवीत, शाळा मोबाइलवर.
तिसरा आणि चौथा जून २०२५मध्ये, एकदम. आता किंमत २५ डॉलर, आणि पुढचे अध्याय त्याच किमतीत. भाच्याची दहावी झालेली, अकरावीची यादी लागायची होती.
"मावशी, चारही अध्याय पहिल्यापासून खेळू या का? मला पहिल्यातलं काहीच आठवत नाही."
"मला आठवतं. तू सगळ्या राक्षसांना सोडून देत होतास."
"एकालाही नाही मारलं?"
"एकालाही नाही."
तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तसंच खेळू या परत."

२३.
'केंटकी रूट झीरो'. पाच अंक. पहिला जानेवारी २०१३, पाचवा जानेवारी २०२०. मी पहिला अंक भाड्याच्या खोलीत खेळले, शेवटचा स्वतःच्या घरात. मधल्या काळात ज्या मैत्रिणीने हा गेम सुचवला होता ती दुसऱ्या देशात गेली. पाचवा अंक संपला तेव्हा तिला फोन केला. तिनेही त्याच आठवड्यात संपवला होता. सात वर्षं हा फार मोठा काळ आहे, पण एकदम मिळाला असता तर तो फोन झाला नसता.

२४.
'फायनल फँटसी ७'ची ती तीन सीडींची डबी मामेभावाकडे अजून आहे. गेल्या दिवाळीत काढून पाहिली. दुसरी सीडी तेव्हाही एका ठिकाणी अडकायची आणि पुढे जातच नसे, त्यामुळे शेवट मी अजून पाहिलेला नाही. कुणी सांगायला लागलं तर थांबवते.

तिसऱ्या सीडीवर एक ओरखडा नाही.