होंगदेतली स्वस्त खाट

सोलच्या सगळ्यात गजबजलेल्या तरुण मोहल्ल्यात रात्रीचे फक्त सतराशे रुपये. डील झकास आहे. पण ही स्वस्ताई नेमकी कोणाच्या जिवावर चालते?

परदेशात फिरायला जायचं म्हटलं की आपल्या ऑफिसातल्या मंडळींचे दोन गट पडतात. पहिला गट टूर कंपनीच्या बसमध्ये बसून, पोळीभाजीसकट सात दिवसांत सगळं ‘कव्हर’ करणारा. दुसरा गट सेलमध्ये तिकीट बुक करणारा आणि ‘राहायचं काय हो, पाठ टेकायला खाट मिळाली की झालं’ म्हणणारा. हा लेख दुसऱ्या गटासाठी. पहिल्या गटाने वाचला तरी हरकत नाही. कोण जाणे, मन पालटेल!

सोलमध्ये अशी खाट शोधायला बसलात की सर्च तुम्हाला फिरून फिरून एकाच नावापाशी आणून सोडतो, होंगदे. हा ‘होंगिक देहाक्ग्यो’चा, म्हणजे होंगिक विद्यापीठाचा शॉर्टफॉर्म. विद्यापीठ तिथल्या चित्रकला-शिल्पकलेसाठी फेमस. पण आपल्याकडे ‘रुईया’ म्हटलं की कॉलेजबरोबर कट्टाही आला, तसंच होंगदे म्हटलं की आजूबाजूचा अख्खा मोहल्ला आला. गाणं, कॉफी, सेकंडहँड कपडे, फोटो बूथ, पहाटेपर्यंत जागे क्लब, सगळं फुल टू चालू. इंचॉन विमानतळावरून थेट ट्रेन आहे, साधारण पन्नास मिनिटं. फक्त प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी पकडा. एक्स्प्रेस होंगदेला थांबतच नाही, ती सरळ सोल स्टेशनला जाते.

चपला बाहेर, कचरा वेगवेगळा

मी सहा रात्री राहिले ते गेस्टहाऊस स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, योन्नामदोंगच्या बाजूला. लाल विटांचं दुमजली घर, पुढे वीतभर अंगण, अंगणात एक पर्सिमॉनचं झाड. लॉबी, रिसेप्शन, लिफ्ट असलं काही नाही. दाराला नंबर-लॉक. आत शिरलं की चपलांचं कपाट, आणि त्यापुढे घरातल्या स्लिपर्स घालायच्या. मुलींच्या डॉर्ममध्ये चार बंक, प्रत्येक बंकला पडदा, छोटा दिवा आणि चार्जिंगचा पॉइंट. भाडं सत्तावीस हजार वॉन. आकडा ऐकून घाबरू नका, एका रुपयाला साधारण सोळा वॉन येतात.

मराठी माणसाला या घरात बुजल्यासारखं होत नाही. युरोपियन मुली बाथरूम बघून गोंधळतात, कारण शॉवरला वेगळी काचेची खोली नसते, बेसिन-कमोड-शॉवर सगळं एकाच मोरीत आणि पाणी सगळीकडे. आपल्याला त्यात नवल ते काय! थंडीत मात्र खरी चैन आहे. तिथे हीटर भिंतीवर नसतो, जमीनच खालून गरम होते. याला ओन्दोल म्हणतात. नोव्हेंबरात बाहेर दात वाजत असताना आत येऊन त्या जमिनीवर फतकल मारून बसणं म्हणजे पैसा वसूल.

सकाळी नाश्ता ‘फ्री’. म्हणजे ब्रेड, अंडी, जॅम आणि इन्स्टंट कॉफी ठेवलेली असते. अंडं तुम्ही तळायचं, ताटली तुम्ही विसळायची. नंतर येते खरी परीक्षा, कचरा. प्लॅस्टिक वेगळं, कागद वेगळा, काच-कॅन वेगळे, उष्टं वेगळं, उरलेला कचरा वेगळा. कोरियात १९९५ पासून घरच्या कचऱ्यासाठी ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात. जेवढा कचरा, तेवढा खर्च. त्यामुळे पाहुण्याने केळ्याचं साल चुकीच्या डब्यात टाकलं, तर तो त्या घराच्या खिशाला बसलेला चिमटा असतो.

इमो म्हणजे मावशी

घर चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना शिकून गेल्याप्रमाणे ‘साजांगनिम’ म्हटलं, म्हणजे ‘मालकसाहेब’. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘इमो म्हण.’ इमो म्हणजे आईची बहीण. खानावळीत वाढणाऱ्या बाईंनाही तिथे इमोच म्हणतात. आपण नाही का डबेवाल्या, पोळीवाल्या, कॉलेजच्या कँटीनमधल्या सगळ्यांना मावशी करून टाकत! मग ओघाने पुढचा प्रश्न आला, वय किती? आगाऊपणा वाटू देऊ नका. समोरच्याशी आदराने बोलायचं की बरोबरीने, हे कोरियन भाषेत वयावर ठरतं. माझं वय कळल्यावर रिसेप्शनचं काम करणारी विद्यार्थिनी मला ‘ओन्नी’ म्हणायला लागली, म्हणजे ताई. चोवीस तासांत मला मावशी मिळाली आणि धाकटी बहीणही.

इमोंचं इंग्रजी आणि माझं कोरियन दोन्ही सारखंच दिव्य. त्यामुळे आमच्या गप्पा ‘पापागो’ या ट्रान्स्लेशन अॅपवरून चालायच्या. त्या फोनमध्ये बोलायच्या, फोन मला इंग्रजीत वाचून दाखवायचा. तिसऱ्या रात्री मी सहज विचारलं, कोरियन मुलंमुली इथे राहायला का येत नाहीत? उत्तर ऐकून चाट पडले. अशा घरांना मिळणाऱ्या परवान्याचा मूळ नियमच असा आहे की पाहुणे परदेशीच हवेत. घर २३० चौरस मीटरपेक्षा लहान हवं आणि चालवणाऱ्याने त्याच घरात राहायला हवं. इमो स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत झोपतात, ते यासाठी. म्हणजे आपण ‘लोकल लाइफ’ अनुभवायला जातो, त्या छपराखाली राहायला लोकल माणसाला परवानगी नसते!

या नियमाचा फटका कोविडमध्ये दुप्पट बसला. २०१९ मध्ये कोरियात पावणेदोन कोटी परदेशी पाहुणे आले होते. २०२१ मध्ये हा आकडा दहा लाखांच्याही खाली गेला. हॉटेलांनी निदान देशी गिऱ्हाईक पकडलं. या घरांना तीही सोय नव्हती. इमोंनी दोन वर्षं एका किराणा गोदामात रात्रपाळी केली, घराचं भाडं मात्र चुकवलं नाही. २०२४ मध्ये पाहुणे पुन्हा एक कोटी साठ लाखांच्या पुढे गेले. त्या म्हणाल्या, ‘पाहुणे परत आले. त्यांच्या मागोमाग घरमालकही आला.’

तळघरातले बँड

हे शेवटचं वाक्य समजायला होंगदेची कुंडली बघावी लागते. इथली जुनी घरं दुमजली, खाली तळघर किंवा अर्धं तळघर. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना स्टुडिओ हवे होते, आणि तळघरं स्वस्त होती. चित्रकारांच्या पाठोपाठ गिटारवाले आले. १९९४ मध्ये ‘ड्रग’ नावाचा क्लब सुरू झाला आणि क्राइंग नट हा पंक बँड तिथूनच पुढे आला. गंमत म्हणजे रेस्टॉरंटच्या साध्या परवान्यावर बँडने वाजवणं तेव्हा नियमात बसतच नव्हतं. १९९९ मध्ये नियम सैल झाला, तोवर हा सगळा मामला चोरीछुपे चालला होता.

म्हणजे मोहल्ल्याला नाव मिळालं ते स्वस्त तळघरांमुळे. नाव झालं, गर्दी आली. गर्दीमागून दुकानं आली, दुकानांमागून भाडी चढली, आणि तळघरवाले बाहेर पडले. काही योन्नामदोंगला सरकले, काही नदीच्या दिशेने सांगसूदोंगला, काही आणखी लांब. मग योन्नामदोंगमधूनही जुनी रेल्वेलाइन जमिनीखाली गेली आणि वरच्या मोकळ्या पट्ट्यावर २०१५ मध्ये हिरवागार पार्क झाला. लोकांनी लाडाने नाव ठेवलं ‘योन्त्रल पार्क’, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवरून. पार्क खरंच सुंदर आहे. संध्याकाळी गवतावर बसून बिअर आणि गप्पा, कॉलेजचे दिवस आठवतात. फक्त पार्कच्या दोन्ही बाजूंची घरं एकेक करून कॅफे होत गेली.

आज होंगदेच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी गेलात तर गोलाकार गर्दीच्या मधोमध पोरं के-पॉपच्या गाण्यांवर कव्हर डान्स करताना दिसतात. जाम भारी नाचतात, तासभर कुठे जातो कळत नाही. पण स्वतःचं गाणं स्वतः वाजवणारा बँड ऐकायचा तर गल्ल्या शोधाव्या लागतात.

कोरियन पागडी

तिथे धंद्याच्या जागेला ‘ग्वोलिगम’ नावाची भानगड असते. मुंबईकरांना पागडी म्हटलं की पटकन कळेल, जरी हिशेब थोडा वेगळा आहे. नवा भाडेकरू जुन्या भाडेकरूला जमलेल्या गिऱ्हाइकासाठी, नावासाठी रोख रक्कम देतो. पुढे तो निघाला की त्याच्यानंतरच्याकडून वसूल करतो. साखळी चालू राहिली तर ठीक. मालकाने इमारतच पाडायला काढली तर शेवटच्याची आयुष्यभराची पुंजी हवेत!

होंगदेत हे घडलं. ‘दुरीबान’ हे स्टेशनजवळचं साधं नूडल्सचं दुकान. तिथे रीडेव्हलपमेंट आली आणि २४ डिसेंबर २००९ ला दुकान जबरदस्तीने रिकामं करण्यात आलं. मालकीणबाई कुलूप तोडून परत आत जाऊन बसल्या. तेव्हा मोहल्ल्यातले इंडी बँड मदतीला धावले. त्यांनी त्या उजाड इमारतीत गिग्ज सुरू केले, १ मे २०१० ला तर दिवसभराचा म्युझिक फेस्टिव्हलच भरवला. का? कारण बाहेर पडायची पाळी उद्या आपली, हे त्यांना कळत होतं. ५३१ दिवसांनी, जून २०११ मध्ये तडजोड झाली आणि जवळपास पुन्हा दुकान थाटता येईल अशी भरपाई मिळाली. त्यावर ‘पार्टी ५१’ नावाची डॉक्युमेंटरीही निघाली. पुढे २०१५ मध्ये ग्वोलिगम परत मिळवण्याच्या हक्काला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि २०१८ मध्ये दुकानाचा करार वाढवून मागायची मुदत पाच वर्षांवरून दहा झाली. गिरणगावातल्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहताना पाहिलेल्या आपल्या पिढीला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

इमोही भाडेकरूच आहेत. मालकाला तळमजल्यावर डेझर्ट कॅफे हवाय. करार संपला की एक तर भाडं वाढेल, नाही तर घर जाईल. मी म्हटलं, खाटेमागे पाच हजार वॉन वाढवा की, आम्ही देऊ. इमोंनी फोनमध्ये बरंच काही सांगितलं. पापागोने त्याचं केलेलं वाक्य असं: ‘पाच हजार जास्त असते तर तू दुसरं घर क्लिक केलं असतंस.’

खरं आहे. मी यादी ‘किंमत : कमी ते जास्त’ लावूनच बघितली होती. आपण सगळे तशीच लावतो. त्या यादीत वर राहायचं म्हणून कोणीतरी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत झोपत असतं. स्वस्त खाट घेण्यात काही पाप नाही, नाहीतर तुम्हाआम्हाला हे शहर बघायलाच मिळालं नसतं. पण तीन हजार वॉनसाठी, म्हणजे एका स्ट्रीट कॉफीच्या पैशांसाठी, घासाघीस करताना समोर कंपनी आहे की मावशी, एवढं जरूर बघा.

बॅग भरण्याआधी

व्हिसा : भारतीय पासपोर्टवर कोरियाचा व्हिसा आधीच काढावा लागतो. तिकीट नंतर.

घर निवडताना : फोटोपेक्षा रिव्ह्यू वाचा. परवाना आहे का विचारा, खोली अर्ध्या तळघरात आहे का तेही विचारा. पोचल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता आणि फायर एक्स्टिंग्विशर बघून ठेवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोलच्या जोंगनो भागात एका ‘गोसिवॉन’ला, म्हणजे खुराड्याएवढ्या खोल्यांच्या लॉजला, आग लागून सात जण गेले. तिथे स्प्रिंकलर नव्हते.

खाणं : शाकाहारी मंडळींनो, बहुतेक किमचीत फिश सॉस असतो आणि रश्श्यात सुकी मासळी. ‘गोगी प्पे जुसेयो’ म्हणजे मांस काढून द्या, पण मासा त्यात धरत नाहीत. थेपले, मेतकूट आणि इन्स्टंट पोहे सोबत असू द्या. गरम पाणी प्रत्येक कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं.

फिरणं : टी-मनी कार्ड स्टोअरमध्येच घ्या, मेट्रो आणि बस दोन्हीला चालतं. नकाशासाठी फोनवर नावेर मॅप टाका. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. क्लबिंगचा बेत असेल तर चालत परतण्याइतकं जवळचं घर घ्या.

गाणं : एक संध्याकाळ रस्त्यावरच्या डान्सला द्या, आणि एक तिकीट काढून तळघरातल्या लाइव्ह क्लबला. मोहल्ला त्यांनीच उभा केलाय.

आणि शेवटचं : रात्री दहानंतर गल्लीत ट्रॉली बॅग ओढू नका, उचलून न्या. शेजाऱ्यांची तक्रार तुमच्या नावाने होत नाही, इमोंच्या नावाने होते.