मुंगी आणि मदरबोर्ड

आमच्या बेळगावात गॅरंटी आणि वॉरंटी हे दोन शब्द लोक अजून एकाच अर्थानं वापरतात. मिक्सर घेताना गिऱ्हाईक विचारतं, "गॅरंटी हाय काय?" दुकानदार म्हणतो, "हाय की, दोन वर्षं." आणि हातात जे कार्ड ठेवतो त्यावर छापलेलं असतं वॉरंटी. साधारण फरक असा, की गॅरंटी म्हणजे माल सांगितल्यासारखा निघाला नाही तर बदलून देईन किंवा पैसे परत करीन, असा दिलेला शब्द. वॉरंटी म्हणजे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या कारणानं बिघडलं तर दुरुस्त करून देईन, असा करार. पहिल्यात देणाऱ्याच्या तोंडाला किंमत, दुसऱ्यात बारीक अक्षराला. ते बारीक अक्षर वाचायची वेळ वस्तू बंद पडल्याशिवाय सहसा येत नाही.

आमच्यावर ती आली २०२४ च्या जुलैत. धाकट्यानं आदल्या ऑगस्टात गेमिंगचा लॅपटॉप घेतला होता, ९२ हजारांचा. मेकॅनिकलला आहे, थ्रीडी ड्रॉइंगला दांडगं मशीन लागतं, हे त्याचं कारण; रात्री अकरानंतर त्यावर बंदुका वाजायच्या, हे खरं कारण. दोन्ही खरी धरायला हरकत नाही, कारण ड्रॉइंगला लागणारं ग्राफिक कार्ड आणि खेळाला लागणारं कार्ड एकच. वजन अडीच किलो, चार्जर म्हणजे नुसती वीट, आणि पंखे फिरायला लागले की कुणीतरी पिठाची गिरणी चालू केल्यासारखं वाटे. चालू असताना हात लावला तर पाठ तापलेली.

त्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर काही नाही. दिवा नाही, पंखा नाही. त्यानं चार्जर बदलून पाहिला, चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, मित्रांना विचारून जे जे करायचं ते सगळं केलं. मशीन ढिम्म.

आता ९२ हजार आमच्यासारख्या घरात थोडे नव्हेत. पण मला पहिल्यांदा आठवले ते पैसे नव्हेत. त्या मशीनमध्ये सासूबाई होत्या.

म्हणजे त्यांचा आवाज होता. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्याला कुठनं सुचलं कोण जाणे, खेळताना कानाला लावायचा तो माइकवाला हेडफोन त्यानं आज्जीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "आज्जी, बोल." त्या अकरा संध्याकाळी बोलल्या. जेवण सूर्य मावळायच्या आत उरकलेलं असायचं, त्यामुळं संध्याकाळ मोठी मिळायची. त्यांचं माहेर चिकोडीकडचं. त्यांची मराठी अशी, की तिसरा शब्द कन्नड, आणि कुठला कुठल्या भाषेतला हे त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा त्या नव्यानं लग्न होऊन आलेल्या. त्या दिवशी घरात काय बोलणं झालं, मामंजी कसे न जेवता बसून राहिले, शेजारच्या कन्नड घरातनं तरीही नेहमीसारखं ताक कसं आलं, हे सगळं त्यात होतं. चातुर्मासात काय वर्ज्य, पापडाच्या पिठाला पाणी किती, कुठल्या नणंदेचं कुणाशी वाजलं, तेही होतं. फेब्रुवारीत त्या गेल्या. "मोबाइलवर घालून दे," असं मी धाकट्याला कितीदा तरी म्हटलं होतं. "घालतो की आई," हे त्याचं उत्तर.

बिल सापडलं, ते सासूबाईंच्याच सवयीमुळं. घरात येणारं प्रत्येक बिल त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे आमच्या हातात अजून तीन आठवडे होते. आम्ही कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलीनं कागद भरला आणि सहीसाठी पुढं केला. मी वाचत बसले, तर मागच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. त्यात एक ओळ होती : आतल्या माहितीची जबाबदारी गिऱ्हाइकाची. ड्राइव्ह काढून आमच्याकडं ठेवता येईल का, असं मी विचारलं. "तपासणीला लागतो मॅडम," ती म्हणाली. सही केली, आणि त्यावर आमच्या हातानं लिहिलं, 'आम्हाला विचारल्याशिवाय ड्राइव्ह पुसू नये.' तिची ना नव्हती.

पाचव्या दिवशी फोन आला. हिंदीतनं. "मॅडम, बोर्ड पे चींटी मिला है. वॉरंटी में नहीं आएगा." नवीन मदरबोर्डचे ५८ हजार होतील.

इथं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं मुंग्या मारायची पावडर नसते, झुरळांचा फवारा नसतो. सासूबाईंच्या काळापासून नाही आणि माझ्याही काळात नाही. मुंग्या निघाल्या तर हळद टाकायची, वाट झाडून घ्यायची, डबे पाण्यात ठेवायचे. बेळगावचा पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको. जून लागला की मुंग्यांना कोरडी, ऊबदार जागा हवी असते, आणि रात्रभर तापून बसलेल्या लॅपटॉपइतकी ऊबदार जागा घरात दुसरी नाही. त्यातनं धाकटा रात्री त्याच्याशेजारी चिप्सची पिशवी घेऊन बसणार. आमचे हे म्हणाले, "घ्या, ५८ हजारांची मुंगी." धाकटा म्हणाला, "फवारा आणला असता तर?" मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. फवाऱ्याचा प्रश्न माझ्या लेखी वॉरंटीच्या कार्डावर सुटणारा नव्हता.

पण वॉरंटीचा प्रश्न कार्डावरच सुटायचा होता, म्हणून ते बारीक अक्षर काढलं. इंग्रजीत लिहिलं होतं की कीटकांमुळं झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. कीटक सापडले तर, असं लिहिलेलं नव्हतं. या दोन वाक्यांत सगळं भांडण होतं. घरात चोरी झाली आणि माळ्यावर मांजर सापडलं, तर मांजरानं चोरी केली असं होत नाही. मी सेंटरला लिहून पाठवलं : कुठला भाग जळला, तो मुंगीनं कसा जळला, फोटोसकट लेखी द्या. चार दिवसांनी दोन फोटो आले. एकात पंख्याच्या जाळीपाशी तीन मेलेल्या मुंग्या. दुसऱ्यात बोर्ड, आणि त्यावर काहीच दिसत नव्हतं.

मग १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पलीकडच्या बाईंनी विचारलं कुठली भाषा, मी म्हटलं मराठी, आणि खरंच मराठी बोलणाऱ्या बाई आल्या. सीमाभागात राहणाऱ्याला याचं काय वाटतं, हे पुण्याच्या माणसाला कळणार नाही. कंपनीच्या फोनवर इंग्रजी, हिंदी, कन्नड अशी तीन बटणं होती. कन्नड मला येतं, हिंदीचंही भागतं. पण भांडण आपल्या भाषेत केलं की मुद्दा सुटत नाही. बाईंनी बिलाची तारीख, नाकारल्याचं कारण, फोटो असं सगळं टिपून घेतलं आणि तक्रारीचा नंबर दिला. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की हेल्पलाइन हुकूम देत नाही, तक्रार कंपनीकडं पोचवते आणि उत्तर मागते. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आता आपण राहतो तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जायला लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. हे बाकीच्यांनाही माहीत असावं म्हणून इथं लिहिते आहे.

मधल्या काळात मशीन घरी आणलं होतं. धाकट्यानं मागचे स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर घेतला. च्युइंगगमच्या पट्टीएवढी वस्तू. पेटीत घालून मित्राच्या कॉम्प्युटरला जोडला, तर पडद्यावर निळी चौकट : अठ्ठेचाळीस आकडी किल्ली द्या.

आम्हाला हे काहीच ठाऊक नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत ड्राइव्हवरची माहिती आपोआप कुलूपबंद होते. कुलूप रोज उघडतं कारण त्याची किल्ली बोर्डावरच्या चिपमध्ये असते. बोर्ड तोच असला तर आपल्याला कळतही नाही. बोर्ड बदलला, किंवा ड्राइव्ह दुसरीकडं लावला, की ते परकं समजून अठ्ठेचाळीस आकडे मागतं. ते आकडे मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असतात. धाकट्यानं खातं उघडलं होतं पीयूसीत असतानाच्या ईमेलवर. त्याचा पासवर्ड आठवेना, आणि जो फोन नंबर दिला होता ते सिम केव्हाच बंद झालेलं. आठ दिवस तो फॉर्म भरत होता. खातं काही उघडलं नाही.

आणि नेमकं तेव्हा कंपनीचं उत्तर आलं : खास बाब म्हणून बोर्ड फुकट बदलून देऊ. जुना बोर्ड आमच्याकडं जमा होईल.

म्हणजे आम्ही जिंकलो होतो. आणि जिंकलेलं घेतलं असतं तर किल्ली जुन्या बोर्डाबरोबर गेली असती. हाच बोर्ड दुरुस्त कराल का, असं विचारलं. "आमच्याकडं दुरुस्ती होत नाही, बदली होते," असं उत्तर आलं.

खडेबाजाराच्या पलीकडं एका बोळात चिप लेव्हलचं काम करणारा एक पोरगा बसतो, असं दिरांनी सांगितलं. दुकान म्हणजे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि पाच-पन्नास उघडे बोर्ड. त्यानं मशीन उघडलं, मऊ ब्रशनं मुंग्या बाजूला केल्या, मीटरचं टोक इथं-तिथं टेकवलं. मीटर किंचाळलं. "मेन लाइन शॉर्ट हाय अक्का. मुंगीचं काय नाही ह्यात." मग म्हणाला, "पण मी इस्त्री लावली की कंपनी तुम्हाला उभं करून घेणार नाही. आणि माझ्याकडनं झालं नाही तर दोन्ही गेलं. विचार करून सांगा."

त्या रात्री घरात बोलणं झालं. आमचे हे म्हणाले, "५८ हजारांचा बोर्ड फुकट मिळतोय. आई काय बोलायची ते आपल्याला माहीत आहे." त्यांची आई, म्हणून त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. आणि त्यांच्या म्हणण्यात चूक काही नव्हतं. पगारातनं त्यांनीच ते पैसे भरले होते. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, काय बोलायची ते तुम्हाला माहीत आहे. मला फक्त कशी बोलायची तेवढंच आठवतं, आणि तेही पुसत चाललंय." हे उठून आत गेले. थोड्या वेळानं आतूनच म्हणाले, "उद्या सकाळी लवकर जा, गर्दी असते तिथं."

दुसऱ्या दिवशी मी त्या स्टुलावर बसून पाहिलं. पोरानं बोर्डाला बाहेरनं अगदी थोडा वीजदाब दिला आणि त्यावर अल्कोहोल शिंपडलं. जो भाग आतनं शॉर्ट असतो तो तापतो, आणि तिथलं अल्कोहोल सगळ्यांत आधी उडून जातं. तांदळाच्या कणीएवढा एक कपॅसिटर बघता बघता कोरडा झाला. त्यानं तो उचलला, मीटर गप्प झालं, तसाच दुसरा बसवला. चार्जर लावला आणि पंखे फिरले. पिठाची गिरणी. ३ हजार ५०० रुपये घेतले त्यानं, आणि वर धाकट्याला दम दिला, "आदी किल्ली लिवून घे, मग गेम."

धाकट्यानं तिथंच अठ्ठेचाळीस आकडे कागदावर उतरवले. मी वाचून दाखवले, त्यानं ताडून पाहिले. तो कागद आता त्या पत्र्याच्या डब्यात बिलाला टाचलेला आहे. अकरा संध्याकाळी तीन ठिकाणी उतरवल्या : एक घरात, एक नणंदेकडं, एक थोरलीकडं. कंपनीला कळवलं की बोर्ड नको. त्यांनी तक्रार 'समाधानाने बंद' अशी नोंदवली.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं आहे. कुठल्या कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, सेंटर कुठं, हे तिथं एकत्र मिळावं, असा हेतू. हेतू चांगला आहे. पण अख्खा बोर्ड फेकून नवा बसवणं यालाच दुरुस्ती म्हणायचं ठरलं, तर त्या हक्काचा उपयोग कमीच. एका कणीएवढ्या भागासाठी एवढा तांब्या-सोन्याचा पत्रा भंगारात जाणार होता. आणि त्याबरोबर काय जाणार होतं ते कंपनीच्या कागदावर कुठंच येत नाही.

मशीनला आता वॉरंटी नाही. पावसाळ्यात ते पाण्यात ठेवलेल्या चार वाट्यांच्या स्टँडवर बसतं आणि चिप्स दुसऱ्या खोलीत असतात. हे परवा हेडफोन लावून बसले होते. बराच वेळ. मी विचारलं, कुठली संध्याकाळ? म्हणाले, "पापडाची. पाण्याचं माप तू चुकीचं घेतेस म्हणत्येय आई."